शस्त्रक्रियागृहातील यंत्रांची चिन्हभाषा : एक ऐतिहासिक टिपण

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे आपण अनुमान करतो. आणि तिकडून आलेला एखादा विश्वासू मनुष्य ‘डोंगरावर आग लागली आहे’ असे सांगतो, तेव्हाही आपल्याला तेच ज्ञान होते. नैयायिकांनी मात्र या दोन ज्ञानांची प्रमाणे भिन्न मानली आहेत. पहिल्यात धूर हे लिंग होय, आणि लिंगावरून लिंगीपर्यंत पोहोचण्याचे काम पाहणाऱ्यालाच करावे लागते. दुसऱ्यात शब्द हे प्रमाण असून सांगणारा आप्त आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. तो आप्त आहे असे एकदा ठरले, की ऐकणाऱ्याला डोंगराकडे वळून पाहण्याचेही कारण राहत नाही.

शस्त्रक्रियागृहातील स्वयंचलित यंत्रे आणि त्यांपासून रुग्णाला संभवणारे धोके हा विषय भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का हाती घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर वरील भेदात आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत शुद्ध हरपलेल्या रुग्णाविषयीची जी चिन्हे वैद्याच्या डोळ्यांना व बोटांना लिंगरूपाने मिळत असत, ती क्रमाक्रमाने यंत्रांच्या तोंडची वाक्ये झाली. या स्थित्यंतराने अगणित प्राण वाचले, यात संशय नाही. परंतु त्याच स्थित्यंतरातून एक नवा धोका निपजला. त्याचे स्वरूप यांत्रिक बिघाडाचे नसून अर्थबोधाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा प्रारंभीच केलेला बरा. परिभाषाकोशांत ‘बधिरीकरण’, ‘संवेदनाहरण’ असे शब्द आहेत. परंतु रुग्णापासून शल्यवैद्यापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘भूल’ हाच शब्द आहे, म्हणून येथेही तोच योजला आहे. या शब्दाचा दुसरा अर्थ ‘चूक’ असा होतो. तो या विषयात वारंवार डोकावतो, त्याला इलाज नाही.

ईथरने भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा सुप्रसिद्ध प्रयोग बोस्टन येथे 16 ऑक्टोबर 1846 रोजी झाला. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले, आणि 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. या मृत्यूची मीमांसा लक्षात घेण्याजोगी आहे. सिम्प्सनच्या मते तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेले पाणी व ब्रँडी यांनी ती गुदमरली. लंडनच्या जॉन स्नो याच्या मते तीव्र वाफेने तिचे हृदय थांबले. चिन्हे तीच, अनुमाने दोन. याच मतभेदातून पुढे दोन संप्रदाय उत्पन्न झाले: एडिंबरोकडील वैद्य श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवीत, तर लंडनकडील वैद्यांचे बोट नाडीवर असे.

या वादाचा एक मोठा अंक हैदराबादेत घडला. मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्याच्या राजधानीत रेसिडेन्सी सर्जन असलेला एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या साइमचा शिष्य होता. त्याच्या आग्रहावरून निजाम मीर महबूब अली खान यांच्या द्रव्यसाहाय्याने 1888 मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ने मानले नाहीत; तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि 1889 मध्ये लॉडर ब्रंटन हे दुसऱ्या कमिशनासाठी हैदराबादेस आले. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन निर्णय असा झाला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो, हृदय मागाहून. सबब भूल देणाऱ्याने श्वासच पाहावा. हा निर्णय अपुरा होता. 1911 मध्ये लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले, की क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदयाच्या स्नायूंचे अनियमित स्फुरण सुरू होऊन ते एकाएकी थांबू शकते, आणि अशा वेळी श्वासाकडे टक लावून बसलेल्या वैद्याला पूर्वसूचना मिळत नाही. हैदराबादच्या मंडळींचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यांनी मानलेली व्याप्ती मात्र सार्वत्रिक नव्हती. एका लिंगावर सगळी भिस्त ठेवली म्हणजे दुसरे लिंग डोळ्यांआड होते, हा धडा यंत्रांच्या आगमनापूर्वीचा आहे. पुढे जे घडले त्याचा सगळा दोष यंत्रांच्या माथी मारता येत नाही तो याच कारणाने.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा वृत्तान्त येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. 1901 मध्ये हार्वी कुशिंगने इटलीत पाव्हिया येथे रीव्हा-रोच्चीचे रक्तदाबमापक पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. पुढे वायुमापक नळ्या बसविलेली भूलयंत्रे आली. ही सारी उपकरणे पाहणाऱ्याच्या हातातील काठीसारखी होती. ती स्वतःहून काही बोलत नसत.

खरा पालट झाला तो श्वासोच्छ्वासाच्या बाबतीत. 1952 मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन याने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबून त्यांचा श्वास चालविण्याची पद्धती अवलंबिली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने ह्या पिशव्या दाबीत बसत. शस्त्रक्रियागृहातही त्या काळी भूल देणारा अशीच पिशवी दाबीत असे. ही पिशवी केवळ हवा ढकलण्याचे साधन नव्हती. फुप्फुसे ताठरली, नळी वाकली, कोठे जोड सुटला, तर ते तळहाताला तत्काळ कळे. हातच लिंग टिपीत होता. साथीनंतर यांत्रिक श्वसनयंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला, आणि विद्यार्थ्यांचे व भूलतज्ज्ञांचे हात मोकळे झाले. हात मोकळे झाले त्याबरोबर हाताला मिळणारे ज्ञानही गेले, आणि त्या जागी काय ठेवावयाचे याचा विचार बराच उशिरा सुरू झाला.

ह्या उशिराचे उत्तम उदाहरण म्हणजे श्वसनयंत्राचा भाता. लोहाराचा भाता आपल्या परिचयाचा आहे. हा भाता काचेच्या अगर पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यात बसविलेला असतो आणि त्याची खालीवर होणारी हालचाल समोरून दिसते. जुन्या पुष्कळ यंत्रांत तो वरून टांगलेला असे. उच्छ्वासाच्या वेळी तो आपल्या वजनाने खाली उतरे व नळीतून वायू आत ओढून घेई. आता समजा, रुग्णाच्या तोंडाजवळचा जोड निखळला. तरीही भाता वजनाने खाली येणारच. रुग्णाच्या फुप्फुसांऐवजी तो निखळलेल्या फटीतून खोलीतील हवा ओढून घेईल, आणि पुढच्या फेऱ्यात तीच हवा खोलीत सोडून देईल. पाहणाऱ्याला भाता डौलाने हलताना दिसतो. टेबलावरील मनुष्याला मात्र श्वास नाही. नैयायिक दुरून दिसणारे धुके धुरासारखे भासते असे उदाहरण देतात, त्याचे याहून नेमके यांत्रिक रूप सापडणे कठीण. पुढे पुष्कळ यंत्रांत तळाशी बसविलेला, उभा भाता पसंत करण्यात आला. रुग्णाकडून वायू परत आला तरच तो वर चढतो. जोड सुटला तर पडून राहतो. येथे सुधारणा कोणती झाली? यंत्राची शक्ती वाढली नाही. चिन्ह व वस्तुस्थिती यांमधील व्याप्ती तेवढी दुरुस्त झाली.

बोस्टनच्या जेफ्री कूपर यांनी सहकाऱ्यांसह 1978 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. कूपर हे वैद्य नव्हते, अभियंते होते. विमान-अपघातांच्या चौकशीत जी पद्धती वापरीत ती घेऊन त्यांनी भूलतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या आणि टाळता येण्याजोगे 359 प्रसंग गोळा केले. त्यांत उघड यांत्रिक बिघाड शेकडा 14 होते. शेकडा 82 प्रसंगांत मानवी चूक आढळली. श्वासनळीचे जोड सुटणे, वायूचे प्रमाण नकळत बदलणे, औषधाच्या पिचकाऱ्यांची अदलाबदल होणे हे प्रकार त्यांत ठळक होते. ‘मानवी चूक’ हा शब्दप्रयोग त्यानंतर फार सैलपणे फिरविला गेला, असे मला वाटते. जोड सुटला हे ज्या भात्याने लपविले त्याच्याकडे पाहून फसलेला मनुष्य चुकला खरा. परंतु जे वाक्य चुकीचे लिहिले आहे ते बरोबर वाचणाऱ्याला आपण निरक्षर म्हणत नाही.

1982 मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने भुलेखाली होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न लोकांपुढे आणला. 1985 मध्ये भूलकालीन रुग्णसुरक्षेसाठी तेथे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. 1986 मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी निरीक्षणाची किमान मानके प्रसिद्ध केली. भूलतज्ज्ञाने खोलीत सतत हजर राहावे, नाडी व रक्तदाब ठरावीक अंतराने पाहावा, आणि श्वसनयंत्र चालू असताना जोड सुटल्याची सूचना देणारे साधन असावे, हा त्यांचा गाभा होता. येथे यंत्राला प्रथमच बोलण्याचे कर्तव्य नेमून देण्यात आले. पाठोपाठ प्राणवायूचे रक्तातील प्रमाण मोजणारे ऑक्सिमीटर व उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ आले, आणि प्रत्येक उपकरण आपापली घंटा घेऊन आले.

या घंटांचे पुढे काय झाले, ते अर्थशास्त्र नव्हे, अर्थविचार शिकविणाऱ्याने सांगावयास हवे. ‘भयंकर’ हा शब्द पाहा. ज्याने भय उत्पन्न होते ते भयंकर. पण ‘मला ते गाणे भयंकर आवडले’ असे म्हणणाऱ्याला कसलेच भय अभिप्रेत नसते. पुनरुक्तीने शब्द झिजतो. भाषाशास्त्रात याला अर्थक्षय म्हणावे, आणि तो शब्द उच्चारणाऱ्यांच्या खोटेपणामुळे होत नसतो. केस्टिन व त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये लहान मुलांच्या पन्नास शस्त्रक्रियांत वाजलेल्या सूचनांची नोंद केली. त्यांत शेकडा 75 सूचना निराधार होत्या. रुग्णाला खरोखर धोका असल्याचे दर्शविणाऱ्या शेकडा 3 निघाल्या. कॉटरी म्हणजे विजेने रक्तवाहिन्या डागण्याचे उपकरण चालू केले की हृदयालेख विस्कटतो आणि यंत्र ओरडते. रुग्णाचा हात हलला की ऑक्सिमीटर ओरडतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट येथे हटकून सांगितली जाते, परंतु ती तंतोतंत लागू पडत नाही. गोष्टीतील पोर लबाड होते. यंत्र लबाड नाही. ठरविलेली मर्यादा ओलांडली गेली एवढेच ते सांगते, आणि ते विधान बहुधा सत्य असते. लांडगा हा अर्थ आपण त्याच्या विधानात घातलेला असतो. तो अर्थ शंभरांतून सत्त्याण्णव वेळा रिकामा निघाला म्हणजे हात आपोआप घंटा बंद करण्याच्या कळीकडे जातो.

वर उल्लेखिलेल्या प्रतिष्ठानाच्या वृत्तपत्रिकेत 2005 च्या सुमारास, इशारे चालू ठेवा असा आग्रह धरणाऱ्या एका लेखात, पुढील प्रसंग आला आहे. बत्तीस वर्षांच्या एका स्त्रीवर पित्ताशयाची शस्त्रक्रिया चालू होती. पित्तमार्गाचा क्ष-किरण फोटो घ्यावयाचा म्हणून छाती स्थिर राहावी यासाठी भूलतज्ज्ञाने श्वसनयंत्र थांबविले. फोटोची फिल्म टेबलाखाली अडकली. टेबलाचे दाते फिरेनात. भूलतज्ज्ञ मदतीस वाकले. फिल्म निघाली, शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. काही वेळाने त्यांची दृष्टी हृदयालेखावर गेली तेव्हा ठोके अतिशय मंद झालेले होते, आणि श्वसनयंत्र पुन्हा सुरू करावयाचे राहून गेले हे त्यांच्या ध्यानात आले. ती स्त्री वाचली नाही. भूल देणाऱ्याची ही भूल कोणत्या जातीची? पिशवी हातात असती तर ती दाबावयास विसरणे जवळजवळ अशक्य. कारण जे थांबले असते तो त्याचा स्वतःचा हात असता. यंत्राचा श्वास मात्र एका कळीने थांबतो आणि त्याचे थांबणे म्हणजे शांतता. घंटा जर बंद असतील तर ह्या शांततेत व सर्व काही ठीक असल्याच्या शांततेत कानाला भेद करता येत नाही.

शस्त्रक्रियागृहापुरतेच नव्हे तर रुग्णालयांतील सर्व कक्ष धरून अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात यंत्रांच्या इशाऱ्यांशी संबंधित 98 गंभीर घटनांची नोंद केली. त्यांपैकी 80 मध्ये रुग्ण दगावले.

इशाऱ्याचा नाद अर्थपूर्ण कसा करावा या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली, आणि दोन्ही भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मोठी उद्बोधक आहेत. पहिले उत्तर योजनापूर्वक दिलेले नव्हते असेच म्हणावे लागते. जपानातील ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व शोधले. पुढील दशकात अमेरिकेत नेलकॉर कंपनीच्या यंत्राने त्याला नाद जोडला. प्रत्येक ठोक्याला एक स्वर निघतो, आणि रक्तातील प्राणवायू घटू लागला की तो स्वर उतरू लागतो. हा नाद इशारा नव्हे. तो अखंड चालू असतो आणि त्याचा उतार कानाला आपोआप कळतो. पाठ फिरवून औषध भरणारा भूलतज्ज्ञ स्वर उतरताच मान वळवितो. यंत्राने येथे वाक्य न बोलता पुन्हा लिंग निर्माण केले आहे, आणि त्याचे यश त्यातच आहे.

म्हणून ते लिंग अव्यभिचारी आहे असे मात्र समजू नये. 2020 मध्ये, ज्या वर्षी आओयागी निवर्तले त्याच वर्षी, अमेरिकेतील मिशिगन येथील संशोधकांनी दाखवून दिले, की ऑक्सिमीटर प्राणवायू पुरेसा असल्याचे सांगत असता प्रत्यक्ष रक्ततपासणीत तो धोकादायक रीतीने कमी निघाल्याची उदाहरणे कृष्णवर्णीय रुग्णांत शेकडा 11.7, तर गौरवर्णीयांत शेकडा 3.6 होती. प्रकाश त्वचेतून जातो, आणि त्वचेचा वर्ण वाटेत येतो. श्यामवर्णी लोकांच्या देशात ह्या यंत्राचा उतरता स्वर किती उशिरा उतरतो, हे विचारणे प्राप्तच आहे.

दुसरे उत्तर आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या मानकात आले. 2003 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व 2006 मध्ये सुधारलेल्या या मानकाने यंत्रांसाठी सुरावटींची एक भाषाच घडविली. तातडीच्या सूचनेला पाच स्वर, तीन व दोन अशा गटांत. कमी तातडीला पहिले तीन. आपल्या स्वरलिपीत सांगावयाचे तर हृदयासाठी सा ग प, प तार सा. प्राणवायूसाठी तार षड्जापासून क्रमाने खाली, सां नि ध, प म. तापमानासाठी क्रमाने वर, सा रे ग, म प. श्वसनासाठी सा ध म, ध म. कृत्रिम रक्ताभिसरणासाठी सा व तीव्र मध्यम यांची ये-जा. प्रत्येकीला लक्षात ठेवण्यासाठी एक उपपत्तीही दिली होती: श्वसनाची सुरावट फुप्फुसांसारखी चढते-उतरते, प्राणवायूची ऑक्सिमीटरच्या स्वरासारखी उतरते, वीज गेल्याची जुन्या फोनोची चावी उतरल्यासारखी वाटते. कागदावर ही रचना देखणी आहे. तीत संकेताला थोडाफार अनुकरणाचा आधार आहे, व्यवच्छेदक लक्षणे आहेत, व्याकरण आहे. पण तिचे भाषक कोठे आहेत? ऑस्ट्रेलियात अलेक्झांड्रा वी व पेनेलोपी सँडरसन यांनी परिचारिकांना या सुरावटी शिकवून पाहिल्या. शिकविल्यानंतरही सर्व सुरावटी अचूक ओळखणे फारच थोड्यांना साधले, आणि संगीत शिकलेल्यांना ते अधिक साधले. सर्वांचा ताल एकच, लांबी एकच, नादाची जात एकच. भेद केवळ स्वरांत. ज्या भाषेतील सगळे शब्द एकमेकांशी यमक जुळवितात तिच्यात संकटसमयी बोलू नये, हे कोणत्याही ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याने सांगितले असते. या सुरावटी रचणारे अमेरिकन भूलतज्ज्ञ फ्रँक ब्लॉक यांनी 2008 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. विद्वत्तेच्या इतिहासात अशी क्षमायाचना विरळा, आणि ती त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारीच आहे.

2020 मधील सुरुस्तीने मानकाचे धोरण पालटले. इंग्लंडमधील प्लिमथच्या ज्युडी एडवर्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचण्या घेऊन अनुकरणात्मक नाद सुचविले: हृदयासाठी हृदयाचेच ठोके, श्वसनासाठी श्वास व उच्छ्वास, औषधासाठी गोळ्यांची बाटली खुळखुळल्याचा आवाज, तापमानासाठी शिटी वाजविणारी किटली. हे नाद पूर्वीच्या सुरावटींपेक्षा पुष्कळ लवकर व अचूक ओळखले जातात असे त्या चाचण्यांत दिसून आले. तथापि अनुकरणही सर्वस्वी निसर्गदत्त नसते, हे कुत्र्याच्या भुंकण्यासाठी निरनिराळ्या भाषांत असलेल्या शब्दांवरून आपण पहिल्याच वर्षी शिकवितो. आपल्या घरात किटली शिटी वाजवीत नाही. शिटी होते ती कुकरची, आणि ती ऐकून कोणी ताप आठवीत नाही, शिट्या मोजतो. गोळ्याही आपल्याकडे बहुधा पट्टीतून फोडून घेतात, बाटलीतून नव्हे.

या टिपणासाठी एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात काही तास उभे राहण्याची परवानगी मला मिळाली होती. यंत्रे तीन-चार देशांतील, निरनिराळ्या वर्षी घेतलेली. जुन्या व नव्या मानकांचे नाद एकाच खोलीत. वीस वर्षे तेथे काम केलेल्या सिस्टरांना मी एकेक नाद वाजला की तो कशाचा, असे हलक्या आवाजात विचारीत होतो. त्यांची उत्तरे मी टिपून घेतली. ‘हा उगाच वाजतो.’ ‘हा भिंतीकडचा.’ ‘हा डॉक्टर आले की बंद करतात तो.’ ‘हा नवीन, अजून सवय नाही.’ हृदय, श्वास, प्राणवायू यांपैकी एकही शब्द त्यांच्या उत्तरांत आला नाही. अपवाद एकच झाला. ऑक्सिमीटरचा स्वर किंचित उतरला तेव्हा त्यांनी माझ्या प्रश्नाची वाट पाहिली नाही; बोलणे अर्धे टाकून त्या टेबलाच्या डोक्याकडे निघून गेल्या.